बंद घर, चालू कॅमेरे: पावसाळ्यात मूळ घर राखायचं कसं?

पडवी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं मूळ घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. चिऱ्याचं, वर नळे (कौलं), मध्ये राजांगण, म्हणजे वरून उघडा चौक, मागीलदारी कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग. यंदा पावसाळ्यात आई-बाबा आमच्याकडे पर्वरीला राहणार, म्हणजे चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) घर जवळजवळ बंदच. २०२५ मध्ये म्हापसा आणि बायण्याच्या दरोड्यांच्या बातम्या वाचल्यापासून बाबांना झोप नाही. म्हणून चार कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि फायबरचं कनेक्शन घेतलं. आता धाकटा भाऊ म्हणतो स्मार्ट कुलूप लावू, कॅमेऱ्याची घंटा लावू, दिवे मोबाइलवरून चालू-बंद करू. उलट ऑफिसातला एक मित्र सांगतो, जेवढं नेटला जोडशील तेवढी भोकं वाढतील.

तर बंद घरासाठी आधी काय करावं? आणि हा नेटवरून येणारा चोर खरा आहे की बागुलबुवा? अनुभवाचं सांगा, व्हिडिओ मीही भरपूर पाहिलेत.

वायफळ

जागा धरून ठेवतो. आमच्या वायफायचा पासवर्ड अख्ख्या वाड्याला पाठ आहे. यंदा चवथीला गणपतीवरच्या माटोळीलाच टांगणार आहे, म्हणजे पाहुण्यांनी विचारायला नको.

चिरेबंदी

पडवीबाब, कॅमेऱ्यात चोर दिसेल, पण दिसेल तेव्हा तो अंगणात पोचलेला असेल आणि तुम्ही पर्वरीला. मी बांधकामातला माणूस, मला आधी दारं दिसतात. आपल्या जुन्या घरांचं पुढचं दार सागवानी, नक्षीचं, आतून भक्कम अडसर. आणि मागीलदारचं दार? अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर लटकलेली कडी. तिथे आरपार बोल्ट मारून घ्या. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांची पिन काढून दार उचलता येतं, तेही बघा.

दुसरं म्हणजे छप्पर. नळे सरकवून आत उतरणं ही जुनीच रीत आहे, आणि जुलैच्या पावसात कोणाला काही ऐकू येत नाही. नळ्यांखाली वाशांवर वेल्डेड जाळी मारता येते. माकडांनी नळे हलवले तरी उपयोगी पडते. राजांगण तर वरून उघडंच असणार, त्यावर गजांची जाळी आहे का? नसेल तर पुढच्या दाराला हजारो रुपयांचं कुलूप लावून काय करणार?

आणि बाहेरून लटकणारं मोठं टाळं नको. घरात कोणी नाही हे रस्त्यावरून कळतं. दारात बसणारं कुलूप घ्या.

नेटवर्कवाला_मडगाव

चिरेबंदींच्या प्रतिसादाशी सहमत. आता दुसऱ्या प्रश्नाकडे. नेटवरचा चोर खरा आहे, पण तो बहुतेक वेळा तुमच्या कपाटासाठी येत नाही. त्याला तुमचं नाव-गाव ठाऊकच नसतं. त्याचा प्रोग्रॅम नेटवरचे पत्ते चाळत फिरतो आणि उघडं यंत्र सापडलं की त्यात शिरतो. २०१६ मधलं मिराई हे घातक सॉफ्टवेअर आठवतंय? कंपनीने घालून दिलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी, बाकी विशेष हुशारी काही नाही. तेवढ्यावर लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांतल्या यंत्रांचा वापर करून २१ ऑक्टोबरला वेबसाइटींचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास कोलमडले. ज्यांचे कॅमेरे त्यात सामील होते त्यांना पत्ताही नव्हता, कॅमेरा आपला अंगण दाखवतच होता.

आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी (नेटवरचा पत्ता) मिळत नाही, अनेक घरं एकाच पत्त्यामागे असतात. त्यामुळे बाहेरून थेट ठोठावणं तसं अवघड. मग मोबाइलवर चित्र कसं दिसतं? डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ते यंत्र कंपनीच्या सर्व्हरमार्फत ॲपला जोडलं जातं. म्हणजे खरं दार आता ते ॲपचं खातं. ते खातं कोणाच्या मोबाइल नंबरावर उघडलंय? तुमच्या की कॅमेरे लावणाऱ्याच्या? हे आधी तपासा.

राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. पहिला सगळे बदलतात, दुसरा यंत्राखालच्या चिठ्ठीवरचाच राहतो. तो बदला. डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटणाने किंवा पिनने जोडणी) बंद, यूपीएनपी (यंत्रांनी राउटरमध्ये स्वतःहून वाट उघडणं) बंद. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, असेल तर घंटा, दिवे, टीव्ही सगळं त्यावर ढकला, म्हणजे त्यातलं एखादं फुटलं तरी बँकेचा व्यवहार होतो त्या लॅपटॉपपर्यंत पोचणं कठीण.

फोंडेकरीण

नेटवर्कवाले भाऊ, तुम्ही अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमच्या वाड्यावर एकाच माणसाने सगळ्यांचे कॅमेरे लावले. सगळ्यांना पासवर्ड एकच, गावाचं नाव आणि पुढे १२३. कोणी विचारलं तर म्हणतो, "ताई, तुम्ही विसरता, मग रात्री अकरा वाजता मला फोन करता." त्याचंही खोटं नाही. पण त्याच्याकडे काम करणारी पोरं दर मोसमाला बदलतात, आणि त्या प्रत्येकाला आमचं अंगण, कोण कधी बाहेर जातं, सगळं दिसू शकतं.

राजकोटच्या प्रसूतिगृहाचं प्रकरण वाचलंच असेल, २०२५ मधलं. तपासणीच्या खोलीतलं चित्रण बाहेर विकलं गेलं. तिथेही आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता म्हणे. तेव्हापासून मी वाड्यावर घरोघर जाऊन पासवर्ड बदलायला लावते. काही बायकांना माझा कंटाळा आलाय.

उसळपाव

एक कुत्रा पाळा. फर्मवेअर अपडेट लागत नाही, वीज गेली तरी चालतो.

वायफळ

कुत्र्याचा पासवर्ड म्हणजे पारले-जी. चोरांना तो माहीत आहे.

आखाती

मी मस्कतला असतो, घर पेडण्याकडे. बंद घराबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

आमच्याकडे खरा शत्रू वीज खातं आणि आभाळ. जून लागला की एक झाड तारांवर पडतं आणि कॅमेरे आंधळे. राउटर आणि डीव्हीआर दोन्ही छोट्या यूपीएसवर हवेत. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तो स्वस्तात पडतो आणि काही तास सहज खेचतो. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांच्या पॉवर सप्लायला मोठा लागेल, किंवा घरचा इन्व्हर्टर. पण बंद घरात इन्व्हर्टरची बॅटरी चालू ठेवून यायचं असेल तर तिचं पाणी बघणारा कोणीतरी हवा.

विजेचा कडकडाट झाला की खांबावरून आलेल्या फायबरपेक्षा कॅमेऱ्याच्या लांब केबल जास्त धोक्याच्या. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण कुळागरापर्यंत ओढलेली तांब्याची केबल नेते आणि डीव्हीआरचं पोर्ट जाळते. अर्थिंग नीट करून घ्या. जुन्या घरांत ते बहुधा नावालाच असतं.

ॲपमध्ये "यंत्र ऑफलाइन झालं" ही सूचना चालू ठेवा. बाकीच्या सूचना बंद केल्या तरी चालतील, पण ही नको. ती आली की मी शेजाऱ्यांना फोन करतो, "वीज आहे का?" असेल आणि तरी कॅमेरे बंद असतील तर मग काळजी.

मांडवीकाठ

सूचनांवरून आठवलं. आमचा कॅमेरा रात्री साडेतीनला कळवतो, "माणूस दिसला." उघडून बघावं तर कोळी. लेन्ससमोर जाळं विणून मध्यभागी बसलेला, इन्फ्रारेडच्या उजेडात हत्तीएवढा. पावसात पतंग, पाखं, त्यांच्यामागे पाल. एकदा मोर. दिवसा खेती, म्हणजे माकडं. शेवटी बायकोने सूचना बंद केल्या, आणि सूचना बंद केलेला कॅमेरा म्हणजे चोरी झाल्यावर बघायचा सिनेमा.

उपाय विचाराल तर कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड बंद करून वेगळा दिवा दोन-तीन मीटर बाजूला लावला. किडे तिकडे जातात. समुद्राजवळ राहत असाल तर केबलचे जोड उघडे ठेवू नका, खाऱ्या हवेने हिरवे पडतात.

सुकूरवाली

होमस्टे चालवते, म्हणून स्मार्ट कुलपाबद्दल लिहिते. भाड्याच्या खोलीला फार कामाचं. प्रत्येक पाहुण्याला वेगळा कोड, मुक्काम संपला की कोडही संपला, चावीच्या प्रती निघण्याची भीती नाही. पण बंद घराला कशाला? बहुतेक कुलपं चार पेन्सिल सेलवर चालतात. दमट हवेत सेल गळतात. मग बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी किंवा यूएसबी लावून उघडायचं, तेही भर पावसात छत्री सांभाळत. आईंच्या बोटांचा ठसाही यंत्राला पटेल असं नाही, शेतात-कुळागरात राबलेल्या बोटांना ही यंत्रं फार छळतात. घ्यायचंच असेल तर साध्या चावीची सोय असलेलं घ्या, आणि त्या चावीचं सिलिंडर दर्जेदार आहे का बघा. कित्येकांत ते खेळण्यातल्यासारखं असतं, मग वरचा कोड कितीही आकडी असो.

होमस्टेवाल्यांसाठी जाताजाता: एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा लावायला पूर्ण बंदी केली आहे. बाहेरचा असेल तर आधी सांगावा लागतो. आणि पाहुण्यांना गेस्ट नेटवर्कच द्या, घरच्या कॅमेऱ्यांचं नको.

जुनं_खोड

हे सगळं वाचून मला तरी वाटतं की चोरापेक्षा आपणच घरात जास्त घुसतोय. माझ्या मुलाने पुण्याहून हॉलमध्ये कॅमेरा लावला, "तुमच्या सुरक्षिततेसाठी". आता ही दुपारी जरा आडवी झाली की फोन, "आई, बरं नाही का?" तिने त्या कॅमेऱ्यावर भरतकामाचा रुमाल टाकला आहे. आमच्या घरात शिरलेला एकमेव घुसखोर आमचा मुलगा आहे.

फोंडेकरीण

काकी जिंदाबाद!

बाल्कांव

काकींची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की एकाच घरात राहणाऱ्या दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणं त्याच्या खाजगीपणावर घाला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. ते भावाभावांचंच प्रकरण होतं. गोव्यात तर अर्ध्या मूळ घरांना डझनभर वाटेकरी. एका खोलीत काका, दुसऱ्या खोलीला चुलत भावाचं टाळं, राजांगण सामाईक. पडवीबाब, तुमच्या घराचे वाटेकरी किती? सामाईक राजांगणाकडे कॅमेरा वळलेला असेल तर त्यांना आधी विचारा, आणि लेखी विचारा. चोराच्या आधी वकील यायला नको. आमच्या वाड्यावर शेजाऱ्याच्या न्हाणीच्या खिडकीकडे वळलेल्या एका कॅमेऱ्यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे. एकाच्या लग्नाला दुसरा गेला नाही.

नेटवर्कवाला_मडगाव

कॅमेऱ्यात "प्रायव्हसी मास्क" असतो. चित्राचा तेवढा भाग काळा करून टाकायचा, म्हणजे तो रेकॉर्डच होत नाही. शेजाऱ्याला बोलावून, त्याला दाखवून करा. लग्नांना तरी जाता येईल.

पाटोवरून

चोर म्हणे जॅमर लावतात आणि वायफाय कॅमेरे बंद पाडतात. खरं का?

नेटवर्कवाला_मडगाव

परदेशात तसे प्रकार पोलिसांनी नोंदवले आहेत. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, कॅमेऱ्याला "तुझं कनेक्शन तुटलं" असा खोटा निरोप पाठवून बाहेर काढणं. डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीत हे निरोप संरक्षित असतात, म्हणून ते जमत नाही. दोन, सरळ लहरींचा गोंगाट करणं. त्यावर डब्ल्यूपीए३ चालत नाही. जॅमर आपल्याकडे खाजगी माणसाने वापरणं बेकायदा आहे, पण चोराला त्याचं काय. तारेचा कॅमेरा असेल तर रेकॉर्डिंग चालूच राहतं, फार तर मोबाइलवर दिसणार नाही. पडवी यांचे डीव्हीआरला जोडलेले आहेत, म्हणजे तारेचेच. तसंही चिऱ्याच्या दोन फूट भिंतीतून वायफाय कुठे धड पोचतं.

मात्र चोर डीव्हीआरच उचलून नेतात. टीव्हीखाली ठेवू नका. माळ्यावर, कपाटामागे, हवा खेळेल अशा जागी ठेवा आणि टीव्हीखाली एखादा जुना मोडका खोका दिवा लावून ठेवा. साधा हिशेब द्यायचा तर प्रत्येकी २ एमबीपीएसने चार कॅमेरे धरले तर दिवसाला ८६ जीबी भरतात, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर जेमतेम ११ दिवसांचं रेकॉर्डिंग. घर महिनाभर बंद राहणार असेल तर मोठी डिस्क घ्या किंवा हालचाल झाली तरच रेकॉर्ड करा. नवा कॅमेरा घेणार असाल तर दुकानदाराला एसटीक्यूसी या सरकारी संस्थेच्या तपासणीबद्दल विचारा. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सरकारने सुरक्षेच्या अटी लागू केल्या आहेत. जुना माल स्वस्तात खपवणारे भेटतील.

वायफळ

आणि तो बोलका स्पीकर? खिडकीबाहेरून "दार उघड" ओरडलं तर?

नेटवर्कवाला_मडगाव

थट्टा करताय, पण २०१९ मध्ये मिशिगन आणि टोकियोच्या संशोधकांनी लांबून लेझरचा किरण मायक्रोफोनवर सोडून स्पीकरला हुकूम दिले होते. काचेपलीकडून, आवाज न करता. गोव्यात चोर लेझर घेऊन येईल असं मी म्हणत नाही. कुलूप स्पीकरला जोडूच नका, एवढंच. जोडलंत तर उघडण्यासाठी पिन ठेवा.

उसळपाव

आमच्या शेजारणीचा आवाज लेझरपेक्षा लांब जातो.

आखाती

परत बंद घराकडे येतो. माझं घर खरं राखतो तो पोदेर, म्हणजे पाववाला. सकाळी भोंगा वाजवत येतो, अंगणात काही वेगळं दिसलं तर शेजारच्या काकींना सांगतो. त्याला पाव बंद करायला सांगितला नाही. शेजाऱ्यांना तो पाव माझ्या खात्यावर मिळतो, आणि रोज कोणीतरी माझ्या फाटकापर्यंत येतं.

जुनं_खोड

ही युक्ती मला सगळ्यात पटली.

बाल्कांव

पटली, पण पोदेराला, दूधवाल्याला, गवंड्याला, सगळ्यांना "आम्ही चवथीपर्यंत नाही" सांगितलं की बातमी बाजारभर होते. आणि पोरं विमानतळावरूनच स्टेटस टाकतात. एकदोन विश्वासाच्या घरांनाच सांगा.

चिरेबंदी

एक राहिलंच. म्हापसा आणि बायण्याच्या दरोड्यांत घरात माणसं होती. ते बंद घराचं प्रकरण नव्हे. तुमचे आई-बाबा चवथीनंतर परत जाऊन दोघेच राहतील तेव्हा खरा विचार करावा लागेल. झोपायच्या खोलीचं दार भक्कम आणि आतून बंद होणारं, उशाशी चार्ज केलेला फोन, बाहेर आवाज आला तर दार न उघडता ११२. बाबांना हे सांगायला कठीण जाईल. आपल्या वडीलधाऱ्यांना काठी घेऊन अंगणात उतरायची सवय. मोबाइलवर माणूस आत शिरलेला दिसला तर तुम्हीही पर्वरीहून गाडी काढून आधी तिथे पोचायला बघू नका, आधी ११२ आणि शेजारी.

पडवी

सगळ्यांचे आभार, प्रतिसाद घरी वाचून दाखवले. काल डिचोलीला जाऊन आलो. नेटवर्कवाल्यांनी विचारलेला प्रश्न तिथेच सुटला: ॲपचं मूळ खातं कॅमेरेवाल्याच्या नंबरवर, आणि आम्हा दोघा भावांना त्याने फक्त "शेअर" करून दिलेलं. त्याला फोन केला तर म्हणाला सगळ्यांचं असंच करतो, सोयीचं पडतं. भांडला नाही, तिथल्या तिथे यंत्र त्याच्या खात्यातून काढून दिलं. मग माझ्या नंबरवर जोडलं, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली, डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्डही बदलला. यादीत अजून एक अनोळखी वापरकर्ता होता, तो बहुतेक त्याच्याकडे पूर्वी काम करणारा मुलगा. काढला.

स्मार्ट कुलूप रद्द. त्या पैशांत मागीलदारचं दार आणि राजांगणावरची जाळी, गवंडी सोमवारी येतोय. चुलत काकांना सामाईक भागाबद्दल विचारलं, ते म्हणाले लावा, पण माझ्याही मोबाइलवर दिसलं पाहिजे. घंटेवरून भावाशी अजून वाद चालू आहे.

एक शंका. डीव्हीआर पूर्ण फॅक्टरी रीसेट करावा असं भाऊ म्हणतो, म्हणजे कॅमेरेवाल्याने आत काही ठेवलं असेल तर तेही जाईल. रेकॉर्डिंग पुसलं जाईल का?

नेटवर्कवाला_मडगाव

बहुतेक यंत्रांत रीसेटने फक्त सेटिंग जातात, डिस्कवरचं चित्रण राहतं. ते जातं डिस्क फॉरमॅट केल्यावर, आणि रीसेटनंतर यंत्र स्वतःहून "फॉरमॅट करू का?" विचारतं तिथे लोक हो दाबतात. तुम्ही नको म्हणा. आधी सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा, फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) कंपनीच्याच साइटवरून अपडेट करा, मग रीसेट. तारीख-वेळही नीट लावा. चुकीची वेळ असलेलं चित्रण पोलिसांना दाखवताना फार त्रास होतो.

वायफळ

काकांना ॲपचा ॲक्सेस देताना फक्त "बघणे" द्या. "बोलणे" दिलंत तर मध्यरात्री राजांगणात काकांचा आवाज घुमेल आणि गाव सोडून पळेल तो चोर नव्हे, आखातीभाऊंचा पोदेर.